निळ्या मावशीचा आवाज

तो ऑडिओ मेसेज आमच्या सोसायटीतल्या पालकांच्या ग्रुपवर आला तेव्हा मी खराडीला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डबा उघडून बसले होते. कानात इयरफोन होताच, म्हणून सहज ऐकला. एक बाई रडत रडत बोलत होती. लहान मुलं मोबाईलवर कार्टून बघत असतात, त्यात मध्येच निळ्या साडीतली एक बाई येते आणि स्वतःला 'निळी मावशी' म्हणवते. आधी गोड बोलते, मग रोज एक काम सांगते. काम केलं नाही किंवा घरी सांगितलं, तर तुझ्या आईचं वाईट होईल म्हणते. सदाशिव पेठेतल्या चौथीतल्या एका मुलीने तिचं ऐकून हाताला तापलेल्या उलथण्याचा चटका लावून घेतला, असं ती बाई हुंदके देत सांगत होती. आणि शेवटी, "तुम्ही खरंच आई असाल तर हा मेसेज पुढे पाठवाल."

त्या शेवटच्या वाक्यापाशी माझा घास थांबला. रडता रडता इतकं नेटकं वाक्य कुणाला कसं सुचतं, असा विचार माझ्या मनात आला.

माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. दुसऱ्याने 'सगळं चालतंय' म्हणून हातात दिलेलं काही उलटंसुलटं करून बघायचं आणि ते कुठे मोडतं ते शोधायचं. बरीच वर्षं हेच केल्यामुळे माझा कशावरच पटकन विश्वास बसत नाही. दूध उतू जाणार नाही असं सांगणाऱ्या भांड्यावरसुद्धा नाही. तर मी ग्रुपवर लिहिलं, "ही मुलगी कोणत्या शाळेतली? कुणाला प्रत्यक्ष माहिती आहे का?"

उत्तर लगेच आलं. आम्ही बिबवेवाडीत ज्या इमारतीत राहतो तिच्या तिसऱ्या मजल्यावर एक बाई गणिताचे क्लास घेतात, त्यांचं. त्या मूळच्या सदाशिव पेठेतल्या, आणि बोलणंही तिथलंच. "अहो, मुलीला चटका बसल्यावर आधी तिचा पत्ता विचारायचा नसतो. आपल्या मुलीला काही झालं नाही म्हणून आपल्याला शंका सुचतायत." त्याखाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. मी फोन उलटा ठेवला आणि गार झालेली भाजी संपवली.

त्याच रविवारी त्यांनी पार्किंगमध्ये पालकांची बैठक बोलावली. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, मुलांना वर घरी ठेवून यायचं होतं. बाई उभ्या राहून वर्गात बोलावं तशा बोलल्या. त्यांनी स्वतः त्यांच्या दुसरीतल्या मुलीच्या फोनला कुलूप घालणारं एक ॲप टाकलं होतं. फक्त एक चित्रं रंगवण्याचा खेळ उघडतो, कॅमेरा बंद, बाकी सगळं बंद. प्रत्येकाने तेच करावं असं त्यांचं म्हणणं होतं.

"ते ॲप कुणी बनवलंय?" मी विचारलं. "ते मुलीबद्दल काय काय माहिती गोळा करतं?"

"तुम्हीच सांगा. तुमचं क्षेत्र आहे."

"मला माहीत नाही म्हणूनच विचारतेय. जे माहीत नाही ते मी मुलीच्या हातात देणार नाही."

"मग निळी मावशी देऊ दे," असं कुणीतरी मागून पुटपुटलं आणि थोडे लोक हसले. मी ॲप घेतलं नाही. त्यानंतर लिफ्टमध्ये लोक माझ्याशी जरा जपून बोलायला लागले. जणू मीच काहीतरी लपवतेय.

घरी माझी मुलगी, तेव्हा सातवीत होती, तो मेसेज ऐकून हसली. "आई, फेक आहे. सिरियसली, कोण बिलीव्ह करतं असलं?" मला तिचा अभिमान वाटला. नवरा त्या वर्षी कामासाठी कोईमतूरला होता, त्याला फोनवर मी हे कौतुकाने सांगितलं. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, मात्र मान हलवली. ते नागपूरहून नोकरी संपवून आमच्याकडे राहायला आलेले. आयुष्यभर सरकारी कचेरीत बसून लोकांचे अर्ज वाचलेला माणूस. "पोरगी जरा लवकरच हसली," एवढंच ते म्हणाले. मी ते मनावर घेतलं नाही.

पुढे काही आठवड्यांनी मला घरात एकेक गोष्ट खटकू लागली. मी खोलीत गेले की टॅब उशीखाली सरकायचा. टॅब घेऊन ती बाथरूममध्ये जायची आणि नळ सोडून ठेवायची. "कोणाशी बोलत होतीस?" असं विचारलं की "कोणाशीच नाही" हे उत्तर इतक्या झटकन यायचं, की ते आधीपासून तयार होतं हे कळायचं. संध्याकाळी खाली खेळायला जाणं तिने बंद केलं होतं, तरी ती नाराज नव्हती. उलट खुशीत दिसायची, आणि ही खुशीच मला सगळ्यात जास्त खुपत होती.

एकदा ती शाळेत गेल्यावर मी तिचा टॅब घेऊन बसले. काही सापडलं नाही. काहीच नाही. ना बघितलेले व्हिडिओ, ना शोधलेले शब्द, ना मैत्रिणींच्या गप्पा. आमच्या कामात याचा अर्थ आम्हाला ठाऊक असतो. जिथे कचऱ्याचा कणही नाही तिथे कुणीतरी नुकताच झाडू मारलेला असतो.

मग मला झोपेतून उठल्या-उठल्या संशय यायला लागला. तिच्या स्केटिंगच्या सरांचा आला. समोरच्या इमारतीच्या गॅलरीत सारखा उभा असणाऱ्या गृहस्थांचा आला. तिच्या मैत्रिणीच्या कॉलेजात जाणाऱ्या भावाचा आला, ज्याने एकदा या मुलींना वाढदिवसाला नेऊन आणलं होतं. ऑफिसात मीटिंग चालू असताना मी वहीच्या कोपऱ्यात निळ्या रंगाने रेघोट्या ओढत असायचे, आणि ते लक्षात आलं की पेन बदलायचे. ज्या मेसेजवर मी भर ग्रुपमध्ये शंका घेतली होती, तोच मेसेज मी पुन्हा शोधून ऐकला. या वेळी मला त्या बाईचं रडणं खोटं वाटलं नाही.

बाबांना विचारलं, "तुम्हाला काही जाणवतं का? दिवसभर तुम्ही घरी असता."

ते वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "जाणवते ना. पण पोरगी घाबरलेली नाही दिसून राहिली. कोणी धमकावत असलं तर माणूस जेवत नाही. ही दोन पोळ्या जास्त खाऊन राहिली."

मला त्यांचं म्हणणं पटलं नाही. माझ्या डोक्यात एकच चित्र होतं, माझी मुलगी आणि समोर पडद्याआड कुणीतरी.

तो दिवस गुरुवार होता हे आठवतं, कारण बाबा घरी नव्हते, गुरुवारी ते त्यांच्या मित्राबरोबर मार्केट यार्डाच्या बाजूला फिरायला जातात. ऑफिसातल्या आमच्या मजल्यावरचा एसी बंद पडला आणि आम्हाला लवकर घरी सोडलं. मी साडेपाचच्या सुमाराला पोहोचले. किल्लीने दार उघडलं. घर शांत होतं. चपला काढता काढता मला आतून एक आवाज आला.

म्हाताऱ्या बाईचा होता. घोगरा, ओढून ओढून बोलणारा, आणि तरीही लाडीक. "शहाणी माझी बाय ती," तो आवाज म्हणाला. "आईला सांगायचं नाही हं. सांगितलंस तर मला कळतं."

हातातली पर्स मी इतकी आवळली होती की नंतर तिचा व्रण हातावर दिसत होता. मुलीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आवाज तिथूनच येत होता. पुन्हा तेच शब्द, तसेच्या तसे, आणि मग खुदकन हसण्याचा आवाज. ते हसणं माझ्या मुलीचं होतं.

मी दार ढकललं.

ती पलंगावर एकटीच होती. डोक्यावरून पांघरूण घेतलेलं, तोंडाजवळ टॅब. पडद्यावर आवाज बदलण्याचं काहीतरी उघडलं होतं, वर एक चक्र फिरत होतं. तिने मला बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मला काय झालंय हे समजायला थोडा वेळ लागला. कुणीतरी माझ्या मुलीशी बोलतंय असं मी धरून चालले होते. इथे बोलणारी माझी मुलगीच होती.

"कोणाला पाठवतेयस हे?"

तिने टॅब पालथा केला.

"कोणाला?"

"खालच्या छोटीला," ती म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावरच्या."

क्लासवाल्या बाईंची दुसरीतली मुलगी. मी तिच्या शेजारी पलंगावर बसले.

तिने सांगितलं ते तुटक तुटक, पण सगळं सांगितलं. छोटी इमारतीतल्या मोठ्या मुलींच्या सतत मागे मागे असायची. एकदा त्या पार्किंगच्या मागे बसून रील बघत होत्या तर तिने जाऊन आईला सांगितलं, आणि बाईंनी सगळ्यांच्या घरी फोन केले. राग होताच. मग तो ऑडिओ आला. बाई संध्याकाळी क्लास घेताना छोटीला आतल्या खोलीत तो जुना फोन देऊन बसवतात, हे हिला माहीत होतं. त्या रंगवण्याच्या खेळात दोघी आधीपासून होत्या. हिने तिथे 'निळी मावशी' नावाचं खातं काढलं आणि छोटीला निरोप धाडले. लिहिलेले आणि बोललेलेही, कारण छोटीला अजून नीट वाचता येत नव्हतं.

"काय सांगायचीस तिला?"

"काही डेंजरस नाही, आई. प्रॉमिस. उद्या दोन वेण्या घालून ये. डब्यातली भाजी खाऊ नकोस. लिफ्टमध्ये एकटी जाऊ नकोस. मोठ्या मुलींशी बोलू नकोस." मग खाली बघत म्हणाली, "मी सांगायचे ना, ते ती करायची. लगेच. दुसऱ्या दिवशी खिडकीतून बघितलं की दोन वेण्या."

"आणि तुला काय वाटायचं?"

"मजा यायची," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच झालं. मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या नाकाची ठेवण माझ्यासारखी आहे असं सगळे म्हणतात. त्या घोगऱ्या आवाजात 'माझी बाय ती' म्हणणारी हीच होती. हे शब्द तिने कुठून उचलले, हेही मला माहीत नव्हतं. आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. मला वाटलं, मी गावभरच्या माणसांवर संशय घेत होते, आणि हिच्यावर घेतला तोही चुकीच्या बाजूने.

बाबा आल्यावर त्यांना सांगितलं. ते खुर्चीत बसले, नातीकडे बघितलं, आणि मला म्हणाले, "आता खाली जा. आत्ताच. हिला घेऊन जा. थांबलीस तर उद्या कारण सापडते न जायचं."

बाईंचा क्लास नुकताच सुटला होता. मुलं सॅक अडकवून जिन्यातून खाली पळत होती. त्यांनी दार उघडलं, मला बघून भुवया वर गेल्या. "या. पुन्हा काही शंका?"

"शंका नाही," मी म्हटलं. "सांगायचंय."

फळ्यासमोरच्या सतरंजीवर आम्ही बसलो. मी बोलायला सुरुवात केली, पण पहिल्याच वाक्यानंतर मुलीने मला थांबवलं आणि स्वतः सांगितलं. बाई ऐकत होत्या. हातात खडू होता तो त्यांनी खाली ठेवला नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "ती गेले कित्येक दिवस लिफ्टने जात नाही. तिसऱ्या मजल्यावरून पायी उतरते. मी तिला डॉक्टरांकडे नेलं होतं, पोट दुखतं म्हणते म्हणून. हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"मलाही काही माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. मग आत बघून त्यांनी छोटीला हाक मारली.

छोटी आली. केसाला दोन वेण्या होत्या. माझी मुलगी तिच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "ऐक ना. निळी मावशी कोणी नसते. ती मीच होते. मी आवाज बदलून बोलायचे. सॉरी."

छोटीने तिच्याकडे बघितलं, मग आईकडे. आणि अगदी शांतपणे म्हणाली, "नाही. तू खोटं बोलतेस. मावशी म्हणाली होती, कोणीतरी येऊन असं सांगेल. त्यांचं ऐकायचं नाही म्हणाली."

मी मुलीकडे वळले. मला वाटलं, हेही हिचंच. पण तिने माझ्याकडे बघितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत निव्वळ भीती होती. "आई, मी असं नव्हते म्हणाले," ती म्हणाली. "शप्पथ. हे मी नाही."

मग बाई उठल्या, आतून तो जुना फोन घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिला. "बघा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

तो खेळ उघडला. फुलपाखरं, ढग, रंगांचे डबे. कोपऱ्यात एक छोटंसं पाकीट होतं, त्यावर बोट ठेवलं की निरोप उघडायचे. कुलुपाच्या ॲपने फोनमधलं सगळं बंद केलं होतं, पण खेळाच्या आतलं हे पाकीट उघडंच राहिलं होतं. निरोपांवर एकच नाव दिसत होतं असं आधी वाटलं. मी वर-खाली करत गेले. मग दिसलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या नावात एनच्या पुढे एका ठिकाणी एक आय होता, दुसऱ्या ठिकाणी दोन ई. नावं दोन होती. चित्र मात्र तेच होतं, निळा पदर.

"तुझं कोणतं?" मी मुलीला विचारलं.

तिने आयवालं दाखवलं. दोन ईवाल्याचे निरोप मी एकेक ऐकवले. तिथेही बाईचाच आवाज होता, पण तो घोगरा नव्हता. मऊ, घाई नसलेला, शिकवल्यासारखा बोलणारा. तुझ्या खोलीच्या खिडकीला पडदा कोणत्या रंगाचा आहे? आई क्लास घेते तेव्हा दार कोण उघडतं? बाबा कितीला येतात? शाळेच्या गणवेशातला फोटो पाठव. फोटो पाठवला नाहीस म्हणून मावशी रुसली.

बाईंनी छोटीला मांडीवर ओढून घेतलं. "पाठवलास फोटो?"

"कॅमेरा उघडतच नव्हता," छोटी म्हणाली. "मी खूप दाबलं." आणि मग तिला वाटलं की तिच्या हातून चूक झाली, म्हणून ती रडायला लागली. "पडद्याचं सांगितलं. पिवळा आहे म्हणून."

ज्या ॲपला मी भर बैठकीत नाक मुरडलं होतं, त्यानेच कॅमेरा बंद ठेवला होता. आणि ज्या ॲपच्या भरवशावर बाई निर्धास्त होत्या, त्याने ते पाकीट उघडं सोडलं होतं. हे आम्ही दोघींनीही तेव्हा बोलून दाखवलं नाही. एकमेकींकडे बघितलं तेवढं पुरे होतं.

"तुझं हे खातं कुणाकुणाला माहीत होतं?" बाईंनी माझ्या मुलीला विचारलं. वर्गात उत्तर काढून घेतात तसं, रागाशिवाय. तिने वर्गातल्या मैत्रिणींना सांगितलं होतं. शिवाय त्या खेळात सगळ्यांना दिसणारी एक भिंत होती, तिथे फुशारकी मारली होती, की मी एका लहान मुलीला काहीही करायला लावू शकते. ती भिंत कुणीही वाचू शकत होतं. जगातलं कुणीही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी सुट्टी टाकली आणि सायबर पोलिसांकडे गेलो. माझ्या स्कूटरवर, बाई मागे बसल्या होत्या. सिग्नलला त्या एकदाच बोलल्या, "मी तो फोन तिला गप्प बसावी म्हणून द्यायची. क्लासला आवाज नको म्हणून." सिग्नल सुटला.

तिथल्या महिला अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, फोन आणि टॅब दोन्ही बघितले, काही पुसू नका म्हणाल्या. माझ्या मुलीबद्दल सांगताना माझी जीभ अडखळली. त्यांनी वर न बघता विचारलं, "वय?" मी सांगितलं. "तिला समजावून सांगा, घाबरवू नका," त्या म्हणाल्या. "तिने तुम्हाला खरं सांगितलं नसतं तर हे दुसरं खातं आज तुम्हाला दिसलंच नसतं."

ते खातं काही दिवसांत बंद झालं. मागे कोण होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. पुण्याबाहेरून कुठून तरी चालवलं जात होतं एवढं नंतर फोनवर सांगण्यात आलं, बाकी तपास चालू आहे म्हणाले. पुण्याबाहेरून, हे ऐकून बाकीच्या पालकांना हायसं वाटलं. मला वाटलं नाही. पुण्याबाहेर बसूनही माणूस इथल्या कुणाला तरी ओळखत असू शकतो. कितीतरी दिवस मी लिफ्टमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाचा आवाज कान देऊन ऐकत होते. कुणी बाई मऊ आवाजात 'किती वाजले हो' म्हणाली तरी मी वळून बघायचे. बाईंनी त्यांच्या खिडकीचा पिवळा पडदा काढून टाकला आणि जाड करड्या रंगाचा लावला. त्यातून उजेड येत नाही अशी त्यांची तक्रार असते, पण तो त्यांनी बदललेला नाही.

ग्रुपवर सगळं सांगायचं की नाही यावर आमच्या घरी वाद झाला. नवरा म्हणाला, मुलीचं नाव खराब होईल. बाबा म्हणाले, "बाकीच्या पोरांच्या खेळात ते पाकीट उघडंच आहे ना? मग सांगा." शेवटी बाईंनीच लिहिलं. माझ्या मुलीचा उल्लेख 'इमारतीतलीच एक मोठी मुलगी' असा केला. ती कोण हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. दोन घरांनी आपल्या मुलींना आमच्याकडे पाठवणं बंद केलं. मी त्यांना दोष देऊ शकत नाही, आणि तरी त्यांच्यापैकी कुणी लिफ्टमध्ये दिसलं की मी जिन्याने जाते.

बाबांनी बाईंना सुचवलं, की क्लासच्या वेळात छोटीने आमच्याकडे येऊन बसावं, मी घरीच असतो. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "काका, आपल्याकडेच? आपली कल्पना थोर आहे." बाबा त्यावर मनापासून हसले. छोटी आता क्लासच्या खोलीतच शेवटच्या ओळीत बसते आणि नववीच्या मुलांच्या प्रमेयांच्या पाठकोऱ्या कागदांवर मांजरं काढते.

लिफ्टची भीती मात्र गेली नाही. सकाळी शाळेच्या बसला ती जिन्यानेच उतरायची. एक दिवस माझी मुलगी मला न विचारता लवकर तयार झाली आणि तिसऱ्या मजल्यावर जाऊन थांबली. बाईंनी दार उघडलं, बराच वेळ तिच्याकडे बघितलं, आणि छोटीचं दप्तर तिच्या हातात दिलं. छोटी तिच्याशी बोलली नाही. भिंतीच्या कडेने, तिच्यापासून लांब, पुढे पुढे उतरत गेली. असं कितीतरी सकाळी चाललं. मी वरून कठड्याला टेकून दोघींच्या पावलांचे आवाज ऐकायचे. मुलगी हे मनापासून करते की माझ्यासाठी करते, हे मला कळत नव्हतं. अजूनही कळलेलं नाही. मग एकदा खालून छोटीचा आवाज आला, "ताई, तू सावकाश चाल ना," आणि त्यानंतर त्या एकत्र उतरायला लागल्या.

टॅब आता हॉलमध्ये असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा आम्ही दोघी स्वयंपाकघरात फरशीवर बसून कैऱ्या चिरत होतो. बाबा आत झोपले होते. ती मध्येच म्हणाली, "आई, तुझा माझ्यावर विश्वास आहे का?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिला ते लगेच कळलं असतं. "पूर्ण नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. वाईट वाटल्यासारखं काही दिसलं नाही. "माझापण तुझ्यावर पूर्ण नाही," ती म्हणाली. "तू मी शाळेत असताना माझा टॅब बघितला होतास ना? ठेवलेला तो वेगळ्या बाजूने होता."

"बघितला होता."

"मला विचारायचं होतंस."

"तू सांगितलं असतंस?"

तिने विचार केला. विळीवरचा तिचा हात थांबला होता. "नसतं सांगितलं," ती म्हणाली. "पण विचारायचं होतंस."

मी कोय बाजूला टाकली. तिने मिठाचा डबा माझ्याकडे सरकवला आणि आम्ही उरलेल्या कैऱ्या चिरायला घेतल्या.